गवत खाली, मुळं वर

१

गवत कापायचं मशीन वहिनींनी भंगारवाल्याला फुकट दिलं आणि वर चहा पाजला. भंगारवाला बिचारा कप हातात धरून पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाई, हे चालू आहे हो. खरंच नेऊ?"

"चालू आहे म्हणूनच न्या," वहिनी म्हणाल्या. "आणि ती वायरसुद्धा न्या. सगळी. वीतभरही मागे ठेवू नका."

साहेबांना जाऊन आठ महिने झाले होते. साहेब म्हणजे वहिनींचे यजमान, वजनमाप खात्यातले निरीक्षक. अर्धा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला आणि अर्धा घरामागच्या हिरवळीत. वीस फूट बाय तीस फूट हिरवळ, गवताची उंची दीड इंच, आणि ती साहेब स्टीलच्या पट्टीनं मोजत. त्या गवतावर खुर्ची टाकायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, चपला घालून पाऊल ठेवायचं नाही. लेक लहान असताना तिचा चेंडू तिथे गेला की ती पायरीवर उभी राहून रडायची. साहेब सवडीनं जाऊन चेंडू आणून द्यायचे. मनात नसलं तर नाही द्यायचे.

रविवारी सकाळी सात वाजता मशीन चालायचं. ते विजेवरचं होतं, व्हरांड्यातल्या प्लगपासून लांबलचक वायर त्याच्या मागे यायची. ती पात्याखाली येऊ नये म्हणून कुणीतरी मागून चालायला हवं, वेटोळं हातात धरून, सोडत, ओढत, उचलत. ते कुणीतरी म्हणजे वहिनी. अनवाणी, कारण चपलेची टाच गवतात रुतते. अडतीस वर्षं. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सहा दिवस दुसऱ्यांच्या तारा जोडायच्या आणि सातव्या दिवशी नवऱ्याची वायर धरायची. त्या दोन तासांत साहेब एकच शब्द बोलत, "वायर!" तोही मागे न बघता.

एकदा, एकदाच, वहिनींनी विचारलं होतं की कोपऱ्यात दोन हात जागा मिळेल का, पुदिना लावते. साहेबांनी पट्टी पुसून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चांगल्या कापडाला भोक पाडतं का कुणी?" झालं. विषय संपला. वहिनी मूग गिळून गप्प बसल्या. ते मूग अजून पोटात होते.

२

नर्सरीवाला मन लावून सांगणारा माणूस निघाला. त्यानं वहिनींना कागदावर चित्रच काढून दिलं.

"हे बघा काकू. चार खुंट्या ठोका, सुतळी बांधा. सुतळीच्या कडेनं फावड्यानं गवत कापायचं आणि मुळासकट लाद्यांसारखं उचलून बाजूला ठेवायचं. मग फावडंभर खोल खणा. आता गंमत ऐका. त्या लाद्या फेकायच्या नाहीत. खड्ड्याच्या तळाशी टाकायच्या. उलट्या. गवत खाली, मुळं वर. आधी फावड्यानं चांगल्या ठेचून काढा, म्हणजे कुजून खत होतं. वर माती, थोडी वाळू, शेणखत. आणि मग लावा काय लावायचंय ते."

वहिनींना पुदिना लावायचा होता. शिवाय गवती चहा, पानओवा, सब्जा आणि एक रोझमेरी. रोझमेरी कशात घालतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबांना उग्र वास आवडत नसे, एवढं कारण पुरेसं होतं.

सोमवारी सकाळी वहिनी चपला घालून हिरवळीवर चढल्या. अगदी मधोमध गेल्या. कोपऱ्यात दोन हात जागा मागितली होती तेव्हा नाही दिलीत ना, आता मधोमध घेते, सहा फूट बाय चार फूट. पहिलं फावडं त्यांनी असं मारलं की शेजारच्या गच्चीवरचं कबुतर उडालं. गवताची मुळं तुटताना शिवण उसवल्यासारखा आवाज येत होता, आणि तो ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुपारपर्यंत खड्डा झाला, हाताला फोड आले, कंबर धरली. राग मात्र जागच्या जागी होता. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे बंद दारावर डोकं आपटायचं. पण आपटल्याशिवाय राहवतही नव्हतं.

लाद्या ठेचायचं तेवढं त्यांच्याकडून झालं नाही. फावडं उगारलं आणि हात थांबला. मग एकेक लादी त्यांनी उलटी करून तळाशी मांडली, शेजारी शेजारी, कडेला कड भिडवून, फट न ठेवता. वरून तळहातानं दाबून सांधे बुजवले. अडतीस वर्षांची सवय बोटांत बसली होती, ती अशी सुटते होय? सगळं झाल्यावर त्या मागे सरून बघत राहिल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण एक हिरवळ बसवली आहे. चांगली, सपाट, साहेबांनीही नाव ठेवलं नसतं अशी. फक्त खाली तोंड करून.

"हात तुझी," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि वर माती लोटली.

३

पुढच्या रविवारी त्या पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. वाफ्यातली रोपं ताठ उभी होती. सात वाजले आणि कुठेतरी घुर्र असा आवाज सुरू झाला.

वहिनींनी आधी लक्ष दिलं नाही. शेजाऱ्यांचा पंप असेल, कुणाचा मिक्सर असेल. पण पंप एका जागी वाजतो. हा आवाज लांब जात होता, थांबत होता, आणि वळून परत येत होता. जाताना जाड, येताना बारीक, वळताना दोन श्वास शांतता. आणि दुसरं म्हणजे तो कानांपेक्षा पायांना जास्त कळत होता. त्यांनी पाय उचलून मांडी घातली, तर आवाज अर्धा झाला. पाय खाली टेकवले, की पुन्हा पुरता.

एक्स्चेंजमधली बाई आवाजाला फसत नाही. लाइनवर पलीकडे कुणी गप्प बसून ऐकतंय की लाइन मेलेली आहे, हे वहिनी झोपेतही सांगू शकत. त्या चहा तसाच ठेवून गल्लीत जाऊन आल्या. कुणाचं मशीन चालू नव्हतं. नऊ वाजता आवाज बंद झाला. बरोबर नऊ वाजता.

दुपारी लेक जेवायला आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर रविवारी एकच्या सुमाराला यायची. वहिनींनी तिला सांगितलं.

"आई, पाण्याची पाइपलाइन असेल गं जमिनीखाली."

"पाइपलाइन सात ते नऊ चालते? वळणं घेत?"

"तुला बाबांची आठवण येते, मान्य कर ना. त्यात काय एवढं?"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आठवण यायला आधी तो माणूस विसरता आला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि वाढायला उठल्या. लेकीनं ताटं मांडली. तिलाही चेंडू आठवले असावेत.

४

महिनाभरात वाफ्याची रया गेली. पुदिना मरत नाही, पुदिना मारूनही मरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वहिनींचा पुदिना दर रविवारनंतर मान टाकायचा, शनिवारपर्यंत कसाबसा सावरायचा, आणि पुन्हा तेच. नर्सरीवाला म्हणाला, पाणी जास्त होतंय. मग म्हणाला, कमी होतंय.

एका सोमवारी वहिनींनी गवती चहाचं ठोंब धरून मुळासकट उपटलं. मुळं लांब झाली होती, खड्ड्याच्या तळापर्यंत पोचली होती, आणि खालून सगळी एका रेषेत कापलेली होती. किड्यानं खाल्लेलं मूळ कुरतडलेलं दिसतं, कुजलेलं काळं पडतं. ही टोकं पांढरी, ओली आणि एका पातळीत होती. त्यांना चिकटलेले हिरवे कण वहिनींनी बोटावर घेतले. बारीक, ताजे, तिरपे कापलेले गवताचे कण. बोट नाकाशी नेलं. तो वास त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

 भीती वाटली, नाही कशाला म्हणा.  पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते जास्त मोठं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा. मेला माणूस, जाळून झाला, नऊ महिने झाले, आणि बायकोनं सहा बाय चारचा तुकडा घेतला तर खालून येऊन त्याचं गवत कापतोय! आणि ते गवत त्याला दिलं कुणी? मी. माझ्या हातांनी. फट न ठेवता.

"कापा," वहिनी मातीकडे बघून म्हणाल्या. "जिथे असाल तिथे कापत बसा. मी कुंड्या आणते. कुंड्यांत लावते. मग काय कापता बघू."

आणि त्या खरंच कुंड्या आणणार होत्या. खाली त्यांचं ते, वर आपलं आपण, अशी वाटणी करून राहायची त्यांची तयारी झाली होती. गोष्ट तिथेच संपायची.

५

पण रविवारी सातला त्या वाफ्याशेजारी जाऊन आडव्या झाल्या आणि कान मातीला लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लाइन तोडण्याआधी एकदा ऐकायची सवय, दुसरं काय.

मशीन चालू होतं. आता कान लावल्यावर पात्याची किरकिरही वेगळी ऐकू येत होती. गेलं, थांबलं, वळलं, आलं. आणि मशीनच्या मागून, चार पावलांवर, आणखी एक आवाज येत होता. सळसळ. थोडी थांबून पुन्हा सळसळ. वायर गवतावरून ओढली जाते, उचलली जाते, सोडली जाते, त्याचा.

वहिनींनी कान मातीवर आणखी दाबला.

लेकीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा एका रविवारी त्यांना उठवत नव्हतं. साहेब चिडून एकटेच गेले. पाच मिनिटांत वायर पात्याखाली आली, फ्यूज उडाला, मशीन जळालं. साहेब घरात येऊन म्हणाले, "तुझ्यामुळे." त्या माणसाला एकट्यानं हे जमतच नव्हतं. कधीच जमलं नव्हतं. आणि खाली तर महिनाभर दर रविवारी दोन तास विनाखंड मशीन चालत होतं.

मग वायर कोण धरतंय?

६

रोपं त्यांनी उपटून गोणपाटावर टाकली. माती फावड्यानं उपसली, तळाशी आल्यावर खुरप्यानं, शेवटी हातानं. मांडलेल्या लाद्या एकजीव झाल्या होत्या, सांधा कुठे शोधून सापडेना. पांढऱ्या मुळांची सतरंजी नुसती, आणि तिच्यातून येणारी घुर्र त्यांच्या गुडघ्यांत शिरत होती. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, पाव कापायची सुरी घेऊन आल्या, आणि ताटाएवढा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा वर उचलला.

खालून उजेड आला.

अंधार असता तर त्यांना बरं वाटलं असतं. हा सकाळचा उजेड होता, कोवळा, रविवारचा. वारा होता. त्या भोकाच्या कडेनं गवत खालच्या अंगाला वाढलं होतं, हिरवंगार, दवानं ओलं, दीड इंच. त्यापलीकडे काय होतं ते वहिनींना दिसलं नाही, डोळे दिपत होते. त्यांनी फार बघितलंही नाही.

मशीन येत होतं. त्यांनी खड्ड्याची कड घट्ट धरली. भोकाच्या काठावर एक काळा रबरी तळवा टेकला, उजेड अर्धा गेला. टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली, डाव्या बुटाची. तो बूट उचलला गेला, पुढे गेला. साहेबांनी मागे बघितलं नसणार. कधी बघितलं होतं?

एक, दोन, तीन, चार पावलं.

आणि त्या भोकातून एक पाय आला. भोक आहे हे माहीत नसलेल्या माणसाचा पाय खड्ड्यात जावा तसा आला, घोट्यापर्यंत, वहिनींच्या तोंडासमोर, तळवा आभाळाकडे करून. अनवाणी. तळव्याला गवताचे कण चिकटलेले. टाचेला उभी भेग. त्या भेगेत वहिनी रोज रात्री व्हॅसलीन भरत होत्या, गेली दहा वर्षं.

त्यांनी झडप घालून घोटा धरला. गरम होता. धडधड होती त्यात.

"सोड ती," वहिनी भोकात तोंड घालून म्हणाल्या. "ऐकतेस ना? सोड ती वायर आणि वर ये. मी ओढते. अगं, माणूस मेलाय तो. मेलाय! आता कशाला धरतेस?"

पाय हलला नाही. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं, लाइनवर माणूस असतं तशी ती शांतता होती. मशीन थांबलं होतं. वहिनींनी दोन्ही हातांनी ओढलं. पाय गुडघ्यापर्यंत वर आला, आणखी थोडा आला, आणि वहिनी रडत होत्या की हसत होत्या ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. येतेय. येतेय ही.

तेव्हा गुडघ्याच्या बाजूनं एक हात वर आला. वहिनींचाच, नखं तशीच आखूड कापलेली. तळहातावर वायरीचा लाल वळ होता. वहिनींच्या हातावरचा वळ नऊ महिन्यांत पुसट झाला होता, हा ताजा होता. त्या हातानं वहिनींची बोटं सोडवायला सुरुवात केली. ओरबाडलं नाही, हिसका दिला नाही. दुसऱ्याच्या घरी वस्तूला हात लावणाऱ्या पोराची बोटं आई हळूच, कुणाला दिसू न देता सोडवते, तशी एकेक करून. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. ती समजूत घालायची रीत वहिनींची स्वतःची होती आणि तिच्यापुढे आपलं काही चालत नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं.

पाय खाली गेला. मग तो हात पुन्हा आला, कापलेलं झाकण चाचपून ओढून घेतलं, आणि खालून सांध्यावर दाब दिला. तिन्ही बाजूंनी, नीट, फट दिसू नये म्हणून. मशीन सुरू झालं.

वहिनी गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. अडतीस वर्षं राग साहेबांवर होता. तो कुठे ठेवायचा हे त्यांना पाठ होतं. आता तो तिथून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला, आणि नव्या जागी तो इतका दुखला की त्यांनी तोंडावर मूठ दाबून धरली.

"मूर्ख बाई," त्या म्हणाल्या. "मूर्ख, मूर्ख बाई." मग सुरी फेकली आणि फावडं उचललं. नऊ वाजून गेले तरी त्या दिवशी खालचं मशीन थांबलं नाही, आणि त्या कितीही खोल गेल्या तरी तो उजेड पुन्हा लागला नाही, नुसती माती.

७

लेक एक वाजता आली. पुढचं दार उघडं, गॅसवर काही नाही, हाक मारली तर उत्तर मागून आलं. ती मागच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

हिरवळ अशी उरलीच नव्हती. मधला खड्डा चारही बाजूंनी वाढला होता, गवताचे ठेचलेले गोळे इकडे तिकडे पडले होते, आणि तिची आई कमरेएवढ्या खड्ड्यात उभी राहून फावडं मारत होती. केसांत माती, पदर कमरेला खोचलेला, पाठीवर घामाचा मोठा डाग.

"आई! अगं काय हे? पुदिन्याला एवढं खणतात?"

"पुदिना गेला खड्ड्यात," वहिनी न थांबता म्हणाल्या. "तिथे कोठीत कुदळ आहे. घेऊन ये."

"आई, तू आधी वर ये. तुझं बीपी..."

"मी वर नाही येत. ती येत नाही तोवर मी येत नाही."

"ती कोण?"

वहिनींनी फावडं टेकवलं आणि मान वर करून लेकीकडे बघितलं. काय सांगायचं? पोरीला खोटं सांगायची त्यांची इच्छा नव्हती आणि खरं सांगायला शब्द नव्हते.

"तुला लहानपणी जी पायरीवर गप्प राहा म्हणायची ना," त्या म्हणाल्या, "बाबांना चेंडू माग, रडू नको, त्यांना राग येईल म्हणायची. ती. ती अजून त्यांच्या मागे चालतेय. तिला काढायचंय. ती हट्टी आहे, माझ्या एकटीच्या हाताला येत नाही. तू हाक मारलीस तर येईल कदाचित."

 लेकीच्या चेहऱ्यावरून वहिनींना दिसत होतं की ती डॉक्टरचा नंबर आठवतेय, मावशीला फोन करावा का ते ठरवतेय, आणि आईचं वय मोजतेय. ठीक आहे. त्यांनी फावडं पुन्हा उचललं.

"आई," लेक शेवटी म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम मऊ ठेवला होता. "मी खाली येते, पण आपण आधी पाणी पिऊ. आणि मग तू मला..."

ती मध्येच थांबली आणि पायांकडे बघायला लागली. एक पाऊल मागे सरली, पुन्हा पायरीवर टेकली.

खालचं मशीन बंद झालं होतं, आणि ते बंद झाल्याचं दोघींनाही कळलं होतं.